झाड केव्हा लाकूड होते? : वनवाद आणि व्यापारी दाव्यांतील वकिली

वनांविषयीचे वाद आणि व्यापारी देवघेवीचे वाद ही वकिलीची दोन स्वतंत्र क्षेत्रे आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. पहिल्या क्षेत्राशी आदिवासींचे हक्क, पर्यावरण आणि वनखात्याचे अधिकार हे विषय जोडले जातात, तर दुसऱ्याशी करार, थकबाकी, नुकसानभरपाई आणि लवाद हे. परंतु भारतातील वनकायद्याचा मूळ हेतू पाहिला तर ही विभागणी टिकत नाही, कारण १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या दीर्घ शीर्षकातच वनांबरोबर वनोपजांची वाहतूक आणि लाकडावरील शुल्क हे विषय नमूद केलेले आहेत. म्हणजे जंगल हे राज्यकर्त्यांच्या दृष्टीने आरंभापासूनच विक्रीच्या मालाचे कोठार होते आणि त्याचा कायदा अर्ध्याहून अधिक व्यापाराचाच कायदा होता. सागाचा लिलाव, बांबूचा ठेका, तेंदूपत्त्याची खरेदी, खाणीसाठी वळवलेली वनजमीन, गृहप्रकल्पाखाली सापडलेले ‘खासगी वन’ या प्रत्येक व्यवहारात करार आणि जंगल एकाच दस्तात बांधलेले असतात. म्हणून या क्षेत्रात वकिली करू पाहणाऱ्याला दोन्ही विद्या आत्मसात कराव्या लागतात, आणि त्यातही एक अडचण कायमची असते : व्यापाराचे घड्याळ दिवसांत चालते, तर जंगलाचे दशकांत.

या वकिलीतला पहिला प्रश्न बहुधा हक्काचा नसून वस्तूच्या ओळखीचा असतो. ज्या वस्तूविषयी भांडण आहे ती कायद्याच्या दृष्टीने नेमकी काय आहे, हे ठरल्याशिवाय तिच्यावर कोणाचा हक्क आहे हे ठरत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या व्याख्येनुसार उभे इमारती लाकूड, उभे पीक आणि गवत ही स्थावर मालमत्ता नाही, पण जमिनीत मुळे रोवून उभे असलेले झाड मात्र स्थावर आहे. स्थावर मालमत्तेतील हक्क शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचा असेल तर तो देणारा दस्त नोंदवावा लागतो, जंगम मालाच्या विक्रीला असे बंधन नाही. त्यामुळे एकच साग एका करारात ‘झाड’ आणि दुसऱ्या करारात ‘लाकूड’ ठरू शकतो, आणि त्या एका शब्दावर लाखोंचा व्यवहार तरतो किंवा बुडतो.

हा भेद विदर्भातल्या ज्या प्रकरणातून स्पष्ट झाला, ते शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य हे प्रकरण आजही विधी महाविद्यालयांत शिकवले जाते. तेव्हाच्या मध्य प्रांतातील एका जमीनदाराने २६ एप्रिल १९४८ रोजी आपल्या पत्नीच्या नावे एक दस्त लिहून दिला. त्यानुसार २६,००० रुपयांच्या मोबदल्यात तिला जमीनदारीच्या ठरावीक भागात शिरून बांबू, जळाऊ लाकूड आणि साग तोडून नेण्याचा हक्क डिसेंबर १९६० पर्यंत मिळाला. दस्ताला भाडेपट्टा म्हटले होते, पण त्याची नोंदणी झालेली नव्हती. पुढे मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्याने जमीनदाऱ्या संपुष्टात आल्या आणि ती जंगले सरकारकडे गेली. वनखात्याने तोड थांबवली तेव्हा शांताबाईंनी आपल्या मूलभूत हक्काचा भंग झाला असे सांगत थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. दरम्यान १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्याने प्रतिवादी म्हणून मुंबई राज्याचे नाव लागले. १९५८ साली याचिका फेटाळली गेली. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात झाड आणि उभे लाकूड यांतली रेषा आखून दिली. इमारतीच्या कामाला येण्याइतके वाढलेले, आणि इतक्या लवकर तोडले जाणार आहे की उभे असतानाच त्याला लाकूड समजायला हरकत नाही, अशा झाडालाच उभे इमारती लाकूड म्हणता येते. जे झाड आणखी बारा वर्षे जमिनीतून पोषण घेत वाढत राहणार आहे ते स्थावर मालमत्तेचाच भाग होय. शांताबाईंचा हक्क हा दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन तिथले उत्पन्न घेऊन जाण्याचा, म्हणजे स्थावरातला हक्क ठरला, आणि नोंदणी नसल्याने तो त्यांना मिळालेलाच नव्हता.

या निकालाचे महत्त्व केवळ शब्दार्थापुरते नाही. जंगलातल्या मालाचे कायदेशीर स्वरूप त्याच्या काळावर अवलंबून असते, ही गोष्ट त्यातून प्रथम इतक्या स्पष्टपणे पुढे आली. करार किती वर्षांचा आहे, खरेदीदाराला माल पक्व होण्याची वाट पाहायची आहे की लगेच उचलायचा आहे, त्याला जमिनीवर वावरण्याचा किती अधिकार दिला आहे, या तपशिलांतून वकिलाला कराराची जात ओळखावी लागते. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले बोस आणि त्याच न्यायालयाचे पुढे मुख्य न्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला या दोघांनीही सर्वोच्च न्यायालयात जंगलाच्या ठेक्यांविषयी मूलभूत निकाल द्यावेत, यात योगायोगापेक्षा त्या मातीचा अनुभव अधिक असावा.

तेंदूपत्त्याबाबत तर न्यायालयाची वाट सरळ राहिली नाही. छोटाभाई जेठाभाई पटेल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात विडी कारखानदारांचे पाने गोळा करण्याचे करार मालविक्रीचे मानले गेले आणि जमीनदारीबरोबर ते सरकारकडे जात नाहीत असे ठरले. पण १९५९ साली महादेव विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात न्यायालयाने तशाच करारांकडे वेगळ्या नजरेने पाहिले आणि त्यांत जमिनीशी निगडित हक्क शोधला. पुढे १९८५ साली ओरिसातील टिटाघर पेपर मिल्सच्या प्रकरणात बांबूच्या ठेक्यावर खरेदीकर लागतो का, हा वरकरणी कोरड्या करआकारणीचा प्रश्न पुन्हा याच मुद्द्यावर येऊन थांबला, आणि वर्षानुवर्षे बांबू तोडून नेण्याचा हक्क हा माल नसून स्थावरातील लाभ आहे असे न्यायालयाने सांगितले.

अशा प्रश्नांची तयारी महाविद्यालयात पुरेशी होत नाही. तीन किंवा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेची सनद, २०११ पासून सुरू झालेली अखिल भारतीय वकील परीक्षा आणि एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडची उमेदवारी या पायऱ्या सर्वच वकिलांना सारख्या आहेत. वनवादांचे खरे शिक्षण मात्र तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, भूमी अभिलेख कार्यालयात आणि वनखात्याच्या जुन्या राजपत्रांच्या बाडांत होते. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यातील अर्धी ओळ, एखादा फेरफार, निस्तारपत्रकातील गावाचा सरपण-चराईचा हक्क, वन कायद्याच्या कलम ४ ची प्राथमिक अधिसूचना आणि कलम २० ची अंतिम अधिसूचना या कागदांचा क्रम लावता येणे हेच या वकिलीचे मुख्य कौशल्य आहे. कलम ४ नुसार सरकार केवळ एखादी जमीन राखीव वन करण्याचा इरादा जाहीर करते. त्यानंतर वन जमाबंदी अधिकारी लोकांचे दावे ऐकतो आणि त्यांचा निकाल लागल्यावर कलम २० नुसार जमीन राखीव वन होते. अनेक ठिकाणी पहिली अधिसूचना निघाली आणि दुसरी कधी निघालीच नाही, आणि मधल्या काळात महसूल खाते व वनखाते यांच्या दफ्तरांत एकाच जमिनीची दोन नावे नांदू लागली.

कागदाला इतके महत्त्व असण्याचे आणखी एक कारण पुराव्याच्या नियमात आहे. दिवाणी वादात सामान्यतः जो हक्क सांगतो त्याने तो सिद्ध करायचा असतो. वन कायद्याचे कलम ६९ हे ओझे उलट्या बाजूला ठेवते : या कायद्याखालील कार्यवाहीत एखादे वनोपज सरकारचे आहे की नाही असा प्रश्न आला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच आहे असे गृहीत धरले जाते. स्वतःच्या शेतातील साग विकणाऱ्या शेतकऱ्याचा किंवा त्याच्याकडून तो घेणाऱ्या व्यापाऱ्याचा ट्रक नाक्यावर अडवला गेला की वाहतूक परवाना, लाकडावरची हातोड्याची निशाणी, तोडीची परवानगी आणि मालकीचा उतारा यांतील एक दुवा निसटला तरी माल जप्तीत अडकतो. आणि लाकूड उघड्यावर पडून भेगाळत असताना खरेदीदाराचा करार, बँकेचे कर्ज आणि पुरवठ्याची मुदत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी धोक्यात येतात. अशा वेळी वकिलाला जप्तीविरुद्धची दाद आणि करारभंगाचा बचाव ही दोन कामे एकमेकांना बाधा न आणता चालवावी लागतात, कारण एका ठिकाणी दिलेले प्रतिज्ञापत्र दुसऱ्या ठिकाणी त्याच्याच अशिलाविरुद्ध वाचले जाऊ शकते.

जुन्या कागदाची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवणारे प्रकरण मुंबईच्या उपनगरांत घडले. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ हा कायदा ३० ऑगस्ट १९७५ रोजी अमलात आला आणि त्या दिवशी राज्यातील सर्व ‘खासगी वने’ कोणताही बोजा न राहता सरकारकडे निहित झाली, म्हणजे मालकाच्या वेगळ्या सहीशिवाय कायद्यानेच सरकारची झाली. कोणती जमीन खासगी वन मानायची, याच्या व्याख्येत एक प्रकार असा होता की भारतीय वन कायद्याच्या कलम ३५ खाली जिच्याबद्दल नोटीस ‘काढलेली’ आहे ती जमीन. ही कलम ३५ ची नोटीस म्हणजे खासगी मालकाला तोड आणि मशागत यांवर निर्बंध का घालू नयेत अशी विचारणा होती. विक्रोळीतील सुमारे १३३ एकर जमिनीबद्दल अशी नोटीस १९५६ साली राजपत्रात छापली गेली होती. तिच्यावर पुढे कोणतीही कारवाई झाली नाही, जमिनीचा विकास होत राहिला, महापालिकेने परवानग्या दिल्या, आणि पन्नास वर्षांनी, २००६ च्या सुमारास, महसुली दफ्तरात या जमिनीवर वनाची नोंद घेण्याची प्रक्रिया सुरू झाली. मुंबई परिसरात अशा नोटिसांखाली केवळ मोठ्या कंपन्या नव्हत्या. कर्ज काढून घर घेतलेली, सर्व परवानग्या तपासून करार केलेली असंख्य कुटुंबेही होती.

मुंबई उच्च न्यायालयाने २००८ साली सरकारची बाजू मान्य केली, परंतु ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विक्रोळीच्या त्या जमिनीची मालक असलेल्या गोदरेज आणि बॉइस कंपनीच्या अपिलात तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती मदन लोकूर यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. नोटीस ‘काढली’ याचा अर्थ ती छापून ठेवली असा होत नाही, ती मालकावर बजावली गेली पाहिजे, कारण तिचा उद्देशच त्याचे म्हणणे ऐकण्याचा आहे. आणि दशकानुदशके निद्रिस्त राहिलेल्या नोटिशीला १९७५ च्या कायद्याच्या आधारे अचानक जिवंत करता येत नाही. याच मुद्द्यावरील २००० सालचा स्वतःचा एक निकालही न्यायालयाने बाजूला सारला. हा निकाल बांधकाम व्यावसायिकांचा विजय म्हणून अनेकदा सांगितला जातो, पण त्याचा खरा धडा प्रशासनाला आहे : ज्या जंगलाचे रक्षण करायचे त्याची नोटीस वेळेवर बजावणे, चौकशी करणे आणि आदेश काढणे हे काम पन्नास वर्षे न करता अखेरच्या क्षणी कागद पुढे केला, तर जंगलही जाते आणि नागरिकाचा विश्वासही.

याच्या अगदी उलट दिशेचे उदाहरण पुण्याच्या कोंढवा बुद्रुकमधील आहे. तेथील ११.८९ हेक्टर जमीन १८७९ साली राखीव वन म्हणून अधिसूचित झालेली होती. १९९८ साली ती शेतीसाठी म्हणून एका कुटुंबाला दिली गेली आणि तिथून ती एका गृहनिर्माण संस्थेकडे गेली. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवले आणि देशभरात महसूल खात्याच्या ताब्यातील राखीव वनजमिनी अशाच रीतीने खासगी हातांत गेल्या आहेत का, हे तपासण्यासाठी विशेष पथके नेमण्याचा आदेश राज्यांना दिला. विक्रोळीत अर्धवट राहिलेला कागद पन्नास वर्षांनी निरुपयोगी ठरला, कोंढव्यात पूर्ण झालेला कागद सव्वाशेहून अधिक वर्षांनीही अभंग राहिला. जमीन घेणाऱ्याला सल्ला देणाऱ्या वकिलाने तीस वर्षांचा शोध अहवाल देऊन थांबू नये, हे या दोन निकालांवरून उघड आहे. वनाची अधिसूचना तीस वर्षांच्या पलीकडेच सापडण्याची शक्यता अधिक.

मुळात ‘वन’ म्हणजे काय, या प्रश्नाला आजचे उत्तर ज्या खटल्याने दिले तो तमिळनाडूतील गुडलूरच्या वृक्षतोडीविरुद्ध केरळमधील निलांबूर राजघराण्याच्या टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांनी १९९५ साली दाखल केला. १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आणि बी. एन. किरपाल यांच्या पीठाने सांगितले की १९८० च्या वन संवर्धन कायद्यासाठी वन या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ घ्यायचा, आणि मालकी कोणाचीही असो, सरकारी दफ्तरात वन म्हणून नोंद असलेले प्रत्येक क्षेत्र त्यात धरायचे. अशा जमिनीवर केंद्राच्या पूर्वमान्यतेशिवाय वनेतर काम करता येत नाही. न्यायालयाने ही याचिका निकाली न काढता चालू ठेवली आणि वेळोवेळी आदेश देत राहिले. आरागिरण्या, लाकडाची वाहतूक, खाणी, वनजमीन वळवताना भरायचे निव्वळ वर्तमान मूल्य, अशा शेकडो विषयांवर तिच्यात अर्ज झाले. निव्वळ वर्तमान मूल्य म्हणजे जंगल नष्ट झाल्याने समाज ज्या सेवांना मुकतो त्यांची पैशांतील किंमत, आणि २००८ साली न्यायालयाने ती जंगलाच्या प्रकारानुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये इतकी मान्य केली होती. या एका याचिकेभोवती दिल्लीत वकिलांची एक पिढी घडली.

शब्दकोशाकडे बोट दाखवल्याने प्रश्न संपला नाही, तो प्रत्येक प्रांताच्या भाषेत शिरला. पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत जुन्या महसुली दफ्तरांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीवर शाळा, वस्त्या, कार्यालये आणि स्मशानभूमीही उभ्या राहिलेल्या होत्या. ‘झुडपी’ या विशेषणावर भर द्यायचा की ‘जंगल’ या नामावर, असा तो वाद होता. २२ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, ज्यांची स्वतःची वकिली नागपूर खंडपीठात घडली, आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने झुडपी जंगल हे १९९६ च्या आदेशानुसार वनच आहे असे ठरवले, मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी केंद्राची मान्यता घेऊन मार्ग काढण्याची मुभा दिली. गोव्यात खासगी वन ओळखण्यासाठी तीन निकष लावले गेले : झाडांपैकी ७५ टक्के वनजातींची असावीत, सलग क्षेत्र किमान ५ हेक्टर असावे आणि पर्णछत्राची घनता ०.४ हून कमी नसावी. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे निकष बदलण्यास नकार दिला. सीमेच्या अलीकडे शब्द मोजला जातो आणि पलीकडे छाया, आणि दोन्ही ठिकाणी काम करणाऱ्या वकिलाला भाषातज्ज्ञ आणि वनशास्त्रज्ञ या दोघांचीही उलटतपासणी घेता यावी लागते.

व्यापार आणि वन यांचा संघर्ष सर्वांत ठळकपणे दिसतो तो लाफार्ज या सिमेंट कंपनीच्या मेघालयातील प्रकरणात. पूर्व खासी हिल्समधील नोंगट्राई येथील खाणीतला चुनखडक सतरा किलोमीटर लांबीच्या वाहक पट्ट्यावरून बांगलादेशातील छातकच्या सिमेंट कारखान्यात जात असे; कारखाना एका देशात, कच्चा माल दुसऱ्या देशात आणि भांडवल आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांचे. ती जमीन वन नाही असे स्थानिक अधिकाऱ्यांनी आरंभी कळवले होते, नंतर तीच जमीन वन असल्याचे निष्पन्न झाले, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. ६ जुलै २०११ रोजी न्यायालयाने अखेरीस मंजुरी कायम ठेवली आणि पुढील प्रकल्पांसाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली.

अशी स्थगिती आली की कराराचे प्रश्न लगेच उभे राहतात. पुरवठा थांबल्याचा तोटा कोणी सोसायचा, हे प्रथम करारातील अपरिहार्य घटनांच्या कलमावरून ठरते. ते कलम नसेल किंवा अपुरे असेल तर भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ कडे वळावे लागते, ज्यानुसार करार पाळणे अशक्य किंवा बेकायदा झाल्यास तो निरर्थक होतो. पण केवळ महाग पडले म्हणजे अशक्य झाले असे नाही, हे २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालाने पुन्हा बजावले आहे, आणि ज्याला जमीन वन असल्याचा धोका आधीच दिसू शकत होता त्याला या कलमाचा आसरा सहजी मिळत नाही. इथे लवादाचीही एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. खरेदीदार आणि पुरवठादार यांच्यातील पैशांचा हिशोब लवादाकडे जाऊ शकतो, परंतु जमीन वन आहे की नाही हा साऱ्या जगाविरुद्ध लागू होणारा प्रश्न असल्याने दोन पक्षांनी नेमलेला लवाद तो राज्याला बांधील असा सोडवू शकत नाही.

आता दुसरे घड्याळ, व्यापाराचे. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालये अधिनियमाने व्यापारी वादांची वेगळी शिस्त आखली आणि त्याच्या व्याख्येत मालविक्रीच्या करारांबरोबर नैसर्गिक साधनसंपत्तीच्या वापराचे करारही आणले. आरंभी एक कोटी रुपयांच्या वरच्या दाव्यांना लागू असलेला हा कायदा २०१८ च्या दुरुस्तीनंतर तीन लाखांपासून लागू झाला, त्यामुळे तो जिल्ह्याच्या ठिकाणच्या लाकूड व्यापाऱ्यापर्यंत पोहोचला. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीची पायरी ओलांडावीच लागते, आणि ती टाळलेला दावा फेटाळला जाऊ शकतो, हे २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालाने निश्चित केले. समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत लेखी कैफियत दाखल झाली नाही तर प्रतिवादीचा तो हक्कच जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणातही, ज्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे, मंजुरीविरुद्धचे अपील तीस दिवसांत आणि पुरेसे कारण असल्यास त्यापुढील साठ दिवसांत करावे लागते. दुसरीकडे स्थावर मालमत्तेच्या ताब्यासाठी खासगी व्यक्तीला बारा वर्षे आणि सरकारला दाव्यासाठी तीस वर्षांची मुदत आहे. कोणता प्रश्न कोणत्या दारात न्यायचा हेही मुदतीइतकेच निर्णायक असते : न्यायाधिकरणाच्या अनुसूचीत १९८० चा वन संवर्धन कायदा आहे, पण १९२७ चा वन कायदा नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा नाही आणि २००६ चा वनहक्क कायदाही नाही. चुकीच्या दारात घालवलेले नव्वद दिवस पुष्कळदा परत मिळत नाहीत.

या कामात व्यावसायिक नीतीचा प्रश्नही कठीण होतो. भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही, आणि ज्या प्रकरणात एका पक्षाला सल्ला दिला त्यात विरुद्ध पक्षाकडून उभे राहता येत नाही. परंतु नियमाने न सुटणारी गोष्ट अशी की मोठ्या मोबदल्याचे काम बहुधा कंपनीकडून येते, तर सर्वांत जास्त गरज असलेला अशील जंगलात राहतो. कंपनीची बाजू मांडणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे आणि त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो दुसऱ्या बाजूला तितकाच तयार वकील नसण्यात.

गडचिरोलीत हा अभाव रोज जाणवतो. मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा स्वतः बांबू आणि तेंदूपत्ता विकू लागल्या. एप्रिल-मेच्या उन्हात पाने तोडून सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, असे हजार पुडे मिळून एक मानक गोणी, आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, माल मोजून दिला की कंत्राटदाराकडून पैसे येण्याची वाट पाहायची, असा हा व्यवहार आहे. ग्रामसभा आता विक्रेती आहे, म्हणजे कायद्याच्या भाषेत व्यापारी करारातील एक पक्ष आहे. लिलावाच्या अटी, अनामत रक्कम, हप्त्यांच्या तारखा, पावसाने भिजलेल्या मालाची जबाबदारी, वाद झाल्यास कोणते न्यायालय, या बाबी लेखी नसतील तर हंगाम संपल्यावर थकलेली रक्कम वसूल करणे अवघड होते. छोटाभाई आणि महादेव या निकालांत विडी कारखानदार आणि सरकार यांच्यात झालेला वाद आता पाने तोडणाऱ्या माणसाच्या बाजूने नव्याने मांडण्याची वेळ आली आहे, आणि तो मांडण्यासाठी वाणिज्यिक न्यायालयाची कार्यपद्धती आणि वनहक्क कायदा दोन्ही जाणणारे वकील त्या जिल्ह्यातच तयार झाले पाहिजेत.

तोपर्यंत एक तरतूद प्रत्येक ग्रामसभेच्या सदस्याला माहीत असायला हवी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठीचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. अर्जासोबत कराराची प्रत, फळीवरील मोजमापाच्या नोंदी आणि मिळालेल्या हप्त्यांच्या पावत्या जोडाव्यात, आणि हे कागद हंगामाच्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत.